साबतांगचा जमाखर्च

फिलिपिन्सच्या बातान बेटावरच्या इवाना गावाच्या धक्क्यावर पहाटे माणसे आधी पाण्याकडे बघतात, मग सामानाला हात घालतात. समोर साबतांग बेट स्पष्ट दिसत असते, चार-पाच किलोमीटरच्या खाडीपलीकडे. नेणारी होडी म्हणजे फालोवा: गोल बुडाची, लाकडी, आता इंजिन बसवलेली. बाकीच्या फिलिपिन्समध्ये होडीला दोन्ही बाजूंनी बांबूचे पंख असतात, उलाडी असते. इथल्या फालोवाला ती नाही. इथली लाट उलाडी मोडून टाकते, म्हणून होडी लाटेबरोबर डोलणारी, लोळणारी केली. हवा बरी असेल तर अर्ध्या-पाऊण तासात पलीकडे. तटरक्षक दलाने लाल बावटा दाखवला तर त्या दिवशी डॉक्टर, शिक्षक, सिमेंट, डिझेल, लग्नाचे वऱ्हाड, सगळे इवानातच.

साबतांगच्या नगरपालिकेचा कारभार समजून घ्यायचा तर ही अर्ध्या तासाची वाट आधी डोळ्यांसमोर ठेवावी लागते. कायद्याच्या पुस्तकात ती कुठेच नाही, पण खर्चाच्या प्रत्येक ओळीत आहे.

बातानेस हा फिलिपिन्सचा अगदी उत्तरेकडचा प्रांत. लुझॉन बेट संपले की समुद्र, त्यात बाबुयान बेटे, मग बालिन्तांगची खाडी, आणि तिच्यापलीकडे ही मूठभर बेटे. बातानेसच्या राजधानीपासून, म्हणजे बास्कोपासून, लुझॉनपेक्षा तैवान जवळ पडतो. क्षेत्रफळाने आणि लोकसंख्येने देशातला हा सर्वांत लहान प्रांत: २०२० च्या जनगणनेत १८,८३१ माणसे. त्याच्या सहा नगरपालिकांपैकी साबतांग एक. मुख्य बेटाखेरीज इवुहोस आणि देके ही छोटी बेटेही तिच्याच हद्दीत येतात. सगळे मिळून सुमारे ४१ चौरस किलोमीटर जमीन आणि सतराशेच्या आसपास माणसे. जमीन म्हणावी तर मधोमध उभा डोंगर आणि कडेने किनाऱ्याची चिंचोळी पट्टी. वस्त्या पट्टीवरच. सिनाकान आणि मालाकदांग मिळून गावाचे मुख्य ठिकाण, तिथून दक्षिणेला साविदुग आणि चावायान, पश्चिमेच्या अंगाला नाकानमुआन आणि सुमनांगा. सहा बारांगाय. आपल्याकडच्या वाडीएवढ्या वस्तीला तिथे स्वतःचा कापितान म्हणजे प्रमुख, स्वतःची तिजोरी आणि स्वतःचा तंटामुक्तीचा मंडप असतो.

फिलिपिन्सचा स्थानिक स्वराज्य कायदा १९९१ चा, अंमल १ जानेवारी १९९२ पासून. आज नवी नगरपालिका काढायची तर तो २५,००० लोकसंख्या मागतो. बेटांना क्षेत्रफळाची अट माफ आहे, लोकसंख्येची नाही. साबतांगमध्ये त्याच्या दशांशही माणसे नाहीत. कायद्याआधीपासून ज्या नगरपालिका होत्या त्या तशाच राहतील, एवढ्या एका कलमावर हे गाव नगरपालिका म्हणून उभे आहे. आणि एकदा नगरपालिका म्हटली की आकार लहान असला तरी सांगाडा पूर्ण लागतो: एक महापौर, एक उपमहापौर, सांगुनियांग बायान या सभागृहात आठ निवडून आलेले सदस्य. शिवाय प्रत्येक बारांगायला कापितान आणि सात कागावाद म्हणजे सदस्य, तरुणांच्या मंडळाचा एक अध्यक्ष आणि त्याचेही सात सदस्य. हिशेब करून पाहा. वरचे १०, बारांगायांचे ४८, तरुणांचे ४८. सतराशे माणसांत १०६ निवडून दिलेल्या जागा. दर सोळा माणसांमागे एक.

मला यात वाईट काही दिसत नाही, उलट इतक्या जवळचे सरकार क्वचित बघायला मिळते. अडचण वेगळीच आहे. तरुणांच्या मंडळावर उभे राहायला वय १८ ते २४ लागते. नेमक्या याच वयात मुले कॉलेजसाठी बास्कोला किंवा सरळ लुझॉनला गेलेली असतात. छोट्याशा बारांगायमध्ये त्या वयाची, गावात राहणारी आठ मुले उभी करायची कुठून? जागा रिकाम्या राहतात, आणि बारांगायच्या निधीतला जो दहावा हिस्सा कायद्याने या मंडळाचा, तो खर्च करायला सही करणारे हात कमी पडतात.

आता जमेची बाजू. राष्ट्रीय करांतला ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना जातो. त्यातले २३ टक्के प्रांतांना, २३ टक्के शहरांना, ३४ टक्के नगरपालिकांना आणि २० टक्के बारांगायांना. नगरपालिकांच्या वाट्याचे पुन्हा तीन ढीग होतात: निम्मा लोकसंख्येप्रमाणे, पाव जमिनीप्रमाणे, आणि उरलेला पाव सगळ्यांना अगदी सारखा. साबतांग जगते ते या तिसऱ्या ढिगावर. २०२२ मध्ये एकूण वाटप सुमारे ९५९ अब्ज पेसो होते. त्यातले नगरपालिकांचे ३४ टक्के काढा, त्याचा पाव भाग घ्या, तो तेव्हाच्या १,४८८ नगरपालिकांत वाटा. प्रत्येकीला साधारण ५ कोटी ४८ लाख पेसो येतात. मनिलाच्या अंगावर वसलेल्या, ४ लाख ४० हजारांहून जास्त वस्तीच्या रॉद्रिगेस नगरपालिकेला हा ढीग माणशी जेमतेम सव्वाशे पेसो पडतो. साबतांगला माणशी बत्तीस हजारांच्या घरात.

हा पक्षपात आहे असे मनिलाकडून म्हणता येईल. पण खाडीच्या या बाजूने पाहिले तर हेच वाटप न्याय्य वाटते. दवाखाना सतराशे माणसांसाठी असो की पाच हजारांसाठी, त्याला डॉक्टर एकच लागतो, फ्रीज एकच लागतो, जनरेटर एकच लागतो. सरकार चालवण्याचा एक किमान खर्च असतो, तो माणसे मोजून कमी होत नाही.

या पैशाला एक विलक्षण खोड आहे: तो तीन वर्षे मागचा असतो. या वर्षीचा वाटा तीन वर्षांपूर्वीच्या करवसुलीवर ठरतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मांदानास खटल्यात सांगितले की वाटा काढताना सीमाशुल्कासह सगळे राष्ट्रीय कर धरा, फक्त अंतर्गत महसूल नको. त्याचा अंमल २०२२ पासून झाला, रक्कम एकदम फुगली, आणि तिचे नावही बदलून राष्ट्रीय कर वाटप असे झाले. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, एकूण आकडा ८२० अब्जांवर घसरला, कारण आता हिशेबाला २०२० साल आले होते. मनिलाची दुकाने टाळेबंदीत मिटली, त्याचा फटका तीन वर्षांनी साबतांगच्या तिजोरीला बसला. नुसत्या समान वाट्यात सुमारे ८० लाख पेसोंची तूट. २०२२ च्या फुगवट्यावर ज्यांनी कायमच्या जागा भरल्या त्यांना पगार कापता येत नाहीत, मग कात्री लागते ती रस्ता, नळ, धक्क्याची डागडुजी यांना. म्हणून जाणता अंदाजपत्रक अधिकारी वाढलेल्या वर्षात एकदाच होणारी कामे धरतो, दरमहा पगार मागणारी नाही.

स्वतःचे उत्पन्न किती, तेही बघू. एखाद्याच्या शेतजमिनीची बाजारकिंमत एक लाख पेसो धरली, तर शेतीसाठी करपात्र मूल्य जास्तीत जास्त ४० टक्के, म्हणजे ४० हजार. प्रांतात मूळ कराचा कमाल दर १ टक्का, म्हणजे ४०० पेसो. त्यातले ३५ टक्के प्रांताचे, २५ टक्के बारांगायचे, आणि नगरपालिकेच्या हाती राहतात १६० पेसो. शिक्षण निधीसाठी आणखी १ टक्का घेतात, तो प्रांताच्या आणि नगरपालिकेच्या शाळा मंडळांत निम्मानिम्मा जातो. वसुलीला माणूस पाठवायचा खर्चही यातून निघायचा नाही. बाकी मग सेदुला म्हणजे वार्षिक रहिवासी दाखला, जानेवारीत नूतनीकरण होणारे दुकानांचे परवाने, पर्यटकांचे पर्यावरण शुल्क. चिल्लर आहे, पण लागते.

खर्चाला कायद्याने आखून दिलेल्या चौकटी आहेत. राष्ट्रीय वाट्याचा किमान २० टक्के भाग विकासकामांना. नियमित उत्पन्नाचा किमान ५ टक्के आपत्तीसाठी. पगारावरचा खर्च मागच्या वर्षीच्या नियमित उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत, गरीब वर्गातल्या नगरपालिकांना ५५. आणि सक्तीची पदे ठरलेली: खजिनदार, मूल्यांकन अधिकारी, लेखापाल, अंदाजपत्रक अधिकारी, नियोजन अधिकारी, अभियंता, आरोग्य अधिकारी, निबंधक, सभागृहाचा सचिव. लेखापाल सनदी हवा, अभियंता परवानाधारक, आरोग्य अधिकारी डॉक्टर. अशी माणसे बेटावर टिकवणे हेच मोठे काम. १९९३ पासून राष्ट्रीय आरोग्य खाते दुर्गम गावांना डॉक्टर पाठवते, ती योजना अशाच जागांसाठी आहे. पण ठरलेली मुदत संपली की डॉक्टर जातो, आणि पुढचा येईपर्यंत परिचारिका आणि सुईण गाव सांभाळतात. रात्री बाळंतपण अडले आणि समुद्र खवळलेला असला तर पलीकडे बास्कोला रुग्णालय असून उपयोग नसतो.

आता मुख्य गोष्ट. अंदाजपत्रकाला पंचांग असते आणि वाऱ्यालाही असते, आणि ही दोन पंचांगे जुळत नाहीत. महापौराने अंदाजपत्रक १६ ऑक्टोबरपर्यंत सभागृहाला द्यायचे. सभागृहाने वर्ष संपण्याआधी मंजूर करायचे. मग ते प्रांताच्या सभागृहाकडे तपासणीला जाते, त्यांना ९० दिवस. मग कामाचा आराखडा, अंदाजपत्रकीय दर, निविदा. निविदेची जाहिरात सरकारच्या फिल्जेप्स या संकेतस्थळावर किमान सात दिवस, मग बोली उघडणे, कागद तपासणे, करार, काम सुरू करण्याचा आदेश. सगळे सुरळीत झाले तरी एप्रिल-मे उजाडतो.

वाऱ्याचे पंचांग असे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी अमिहान, ईशान्येचा थंड वारा, समुद्र खवळलेला. मार्च ते मे समुद्र त्यातल्या त्यात शांत. जूननंतर हबागात, म्हणजे नैर्ऋत्येचा वारा, आणि त्याच्यासोबत वादळे. जुलै ते ऑक्टोबर त्यांचा जोर. माल आणण्याचे खरे महिने तीन, आणि कागद तेच तीन महिने खाऊन टाकतात.

सिमेंटचे एक पोते घ्या. चाळीस किलोचे. लुझॉनहून मालवाहू जहाजाने ते बातानेसच्या धक्क्यावर उतरते, तिथून ट्रकने इवाना, इवानाला पाठीवरून फालोवात, साबतांगला पुन्हा पाठीवरून वर, मग चावायानपर्यंत गाडीने. प्रत्येक चढ-उताराला हमाली, प्रत्येक चढ-उताराला दोन-चार पोती फाटणार. वाटेत लाटेचा शिंतोडा बसला तर त्या बाजूने पोते गाठी धरते. दमट खाऱ्या हवेत ठेवलेले सिमेंट काही आठवड्यांतच जोर गमावते, म्हणून जमिनीपासून उचलून लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब, वरून ताडपत्री, आणि आधी आलेले आधी वापरायचे. किनाऱ्याची वाळू फुकट आणि जवळ, मोह होतो. पण तिच्यातले मीठ आतली सळई खाते. पाचसहा वर्षांत काँक्रीटला भेग पडते, गंज फुगतो, तुकडे सुटतात. वाळू धुवायची तर गोडे पाणी हवे, आणि उन्हाळ्यात तेच कमी.

बोलीची कमाल किंमत नगरपालिकेचा अभियंता ठरवतो, आणि तिच्यापेक्षा जास्त बोली घेताच येत नाही. त्याने दर काढताना बास्कोचा भाव धरला आणि खाडी ओलांडण्याचा खर्च, फुटतूट, मजुरांचे अडकून पडलेले दिवस धरले नाहीत, तर कोणी बोली भरत नाही. एकदा फसली, दोनदा फसली, मग वाटाघाटीने काम द्यायची मुभा मिळते. तोवर जुलै आलेला असतो. काम घेणारा म्हणतो पुढच्या मार्चला. कागदावर याला निधी अखर्चित म्हणतात आणि वरून ठपका येतो की नगरपालिकेत क्षमता नाही. हे मला मनापासून अन्यायाचे वाटते. उपाय नियमाच्या आतच आहे: आराखडे आणि दर आदल्या वर्षाच्या जुलै-ऑगस्टमध्येच तयार ठेवायचे, निविदा प्रक्रिया अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी सुरू करायची (नियम तशी मोकळीक देतात, फक्त करार मंजुरीनंतर), आणि माल पुरवण्याचे काम बांधकामापासून वेगळे काढून मार्चमध्येच माल बेटावर आणून ठेवायचा. कोरडे गोदाम मात्र आधी हवे. छोट्या बेटावरच्या विकासाची सुरुवात चांगल्या गोदामापासून होते.

आपत्ती निधीचेही तसेच. १० कोटींचे उत्पन्न धरले तर त्यातले ५ टक्के म्हणजे ५० लाख. त्यातले ३० टक्के, १५ लाख, तातडीच्या मदतीसाठी बाजूला, आणि त्यांना हात लावायचा तर सभागृहाने आपत्तीची घोषणा करावी लागते. उरलेले ३५ लाख आधीच्या तयारीसाठी. न खर्चलेला पैसा पाच वर्षे त्याच कामासाठी वेगळ्या खात्यात राहतो. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये मेरांती वादळ शेजारच्या इत्बायातवरून गेले, २०२१ च्या सप्टेंबरमध्ये चांथूने इवानाला झोडपले. वादळानंतर खाडी आणखी काही दिवस बंदच असते, म्हणजे मदतीचा पैसा असून विकत घ्यायला काही नसते. म्हणून इथे तयारीचा ७० टक्के भागच मोलाचा: तांदूळ, औषधे, डिझेल, पत्र्याचे खिळे, दोर, जून उजाडायच्या आत बेटावर. वीज जनरेटरची आहे, तिचे डिझेलही होडीनेच यायचे.

तरी गाव उपाशी राहत नाही, कारण त्याची खरी शिदोरी जमिनीखाली असते. उवी म्हणजे आपले कोनफळ, वाकाय म्हणजे रताळे, आणि अळूच्या जाती. वादळ भात आडवे करते, कंद जमिनीत सुखरूप राहतो. अळूचे देठ सोलून वाळवतात, त्याला वुनेस म्हणतात, ते महिनोन्‌महिने टिकतात आणि डुकराच्या मांसाबरोबर शिजतात. शेतांना कुंपण उंच दाट झुडपांचे, वारा अडवायला. लसूण विकायला. गुरे मोकळ्या कुरणावर, इवुहोस बेटावरही, आणि विकायची झाली तर तीही होडीतून. उन्हापावसात काम करताना बायका डोक्यावर वाकुल घालतात, वोयावोय या शिंदीच्या कुळातल्या झाडाच्या पात्यांचे, आपल्या इरल्याची आठवण यावी असे, पाठीवर रुळणारे. चावायानच्या बायका ते अजून विणतात.

मार्च ते मे हे महिने समुद्र आणखी एका कारणासाठी मागतो. अरायू, म्हणजे डोराडो हा मासा, तेव्हा या पाण्यात येतो. पलीकडच्या बातान बेटावर माहाताओचे माताव कोळी हंगाम सुरू करताना बंदरावर पशुबळी देऊन विधी करतात. पकडण्याची रीत दोन टप्प्यांची: आधी लहान गळाला कोळंबी लावून उडणारा मासा, दिबांग, जिवंत धरायचा. मग तोच जिवंत मासा मोठ्या गळाला लावून अरायू. दिबांग मिळाला नाही तर दिवस फुकट. धरलेला अरायू पाठीतून चिरून, मीठ लावून, उन्हात टांगून वर्षभरासाठी ठेवतात. नगरपालिकेचा हक्क किनाऱ्यापासून १५ किलोमीटर पाण्यावर, १९९८ च्या मत्स्य कायद्याने मोठी जहाजे त्याबाहेर. पण दोन नगरपालिकांमध्ये ३० किलोमीटरपेक्षा कमी पाणी असेल तर मधली रेघ हद्द धरतात, म्हणून इवाना-साबतांगच्या खाडीत दोघांच्या वाट्याला दोन-अडीच किलोमीटरच येतात. याच तीन महिन्यांत मजूरही हवेत, होड्याही हव्यात, पर्यटकही येतात. कंत्राटदाराला माणूस मिळत नाही त्याचे कारण बऱ्याचदा एवढेच असते की माणूस मासे धरायला गेलेला आहे.

आणि घरे. दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, चुन्याने सांधलेल्या. ज्या बाजूने वादळाचा मारा त्या भिंतीला खिडकी नाही. वर कोगोन गवताचे छप्पर, वादळ येणार म्हटले की त्यावर दोरांचे जाळे टाकून खाली घट्ट बांधायचे. चावायानच्या चर्चचे छप्परही कोगोनचेच. नीट घातलेले छप्पर पंचवीस-तीस वर्षे जाते. घराची शाकारणी एकट्याच्या आवाक्यातली नाही. त्यासाठी पायुह्‌वान असते: ठरलेल्या गटाने आज तुझ्याकडे राबायचे, उद्या माझ्याकडे. सगळ्या गावाने मिळून करायच्या कामाला यारू म्हणतात. या श्रमाची पावती निघत नाही, नगरपालिकेच्या कोणत्याही ताळेबंदात तो नाही. पत्रा आणला की आठवड्यात घर झाकले जाते हे खरे. पण खारा वारा खिळ्याच्या भोकापासून पत्रा खायला लागतो, दर काही वर्षांनी पुन्हा खाडीपलीकडून नवा पत्रा, आणि ज्याने पत्रा घातला त्याला शेजाऱ्याच्या छपरावर जायचे कारण उरत नाही. कुरणे गुरांनी किंवा आगीने संपली तर गवतच मिळत नाही, म्हणून कोगोनची राखीव कुरणे ठेवणे हे खरे तर नगरपालिकेचेच काम, आणि स्वस्तातले.

शाकारणीच्या दिवशी खालून एकजण पेंढी वर फेकतो, वरचा ती झेलून मुठीने दाबतो, काडीच्या जाळीला दोराने शिवतो. पेंढीवर पेंढी, वळचणीपासून वर, ओळ सुटू न देता. आढ्याला पोचायच्या आत ढग आले तर सगळे हात वर चढतात, घर कोणाचेही असो.